भासऱ्याचं नाव

पत्रिकेवरून निम्मं गाव हसून झालं होतं. उरलेलं निम्मं मांडवात येऊन बसलं होतं, कारण नवरी दारात नाव काय घेते ते ऐकायचं होतं.

वरात एटापल्लीहून निघाल्याचा फोन आला तेव्हा एक वाजला होता. आता चार होत आले. मे महिन्याचं ऊन मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्यांतून खाली गळत होतं. बाया पदरानं वारा घेत होत्या, पण उठत कोणी नव्हती.

"तिथी मांडवात नाव घेतलंच नाई म्हने पोरीनं."

"घरी गेल्यावर घेईन म्हने."

"घेईन, पण कोणतं घेईन वं? छापलेलं का पेनानं लिवलेलं?"

पुन्हा सगळ्या हसल्या. निशा, थोरली सून, दारात ओवाळणीचं ताट मांडत होती. ते हसणं तिच्या पाठीवर येऊन पडलं. तिनं हळदीची वाटी इतकी जोरात ठेवली की निम्मी हळद ताटात सांडली.

पत्रिका तिच्या नवऱ्यानं चामोर्शीहून छापून आणली होती. घरात शिकलेला तो, वनरक्षक, साहेबाच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसणारा. वर नवरदेवाचं नाव छापलं होतं, चि. उकंडा. खाली निमंत्रक म्हणून स्वतःचं, श्री. निकेश गुणवंतराव. नवरदेवानं, त्याच्या धाकट्या भावानं, गठ्ठा पाहिला तोवर अर्ध्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. उरलेल्या त्यानं मांडीवर घेतल्या, एकेका पत्रिकेवरचं उकंडा निळ्या पेनानं खोडलं आणि वर निकेश लिहिलं. मग ज्यांच्या घरी छापील पत्रिका गेली ते हाती लिहिलेली बघायला शेजारी गेले, आणि ज्यांच्याकडे हाती लिहिलेली ते छापील बघायला. लग्नापेक्षा पत्रिकाच जास्त लोकांनी पाहिली.

उकंडा म्हणजे उकिरडा. पण इकडे ते माणसाचं नावही असतं, आणि का असतं ते इकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पोरं जगत नसली की पुढचं पोरगं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. शेजारणीनं ते उचलायचं. मग आईनं ते सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं आणि नाव असं ठेवायचं की मरणालाही हात लावताना घाण वाटावी.

निशाला हे सगळं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. नऊ वर्षांपूर्वी याच दारात तिनं लाजत, सगळ्या गावासमोर निकेशचं नाव घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी सासूनं परसातून हाक मारली, "उकंडा, अरे ये उकंडा!" आणि तिचा नवरा "आलो माय" म्हणत उठून गेला. तव्यावरची पोळी जळाली. ज्याचं नाव घेतलं तो दीर निघाला. ज्याच्याशी लगीन लागलं त्याला घरात उकिरडा म्हणत होते. आणि दीर, तोंडात अजून दूध असल्यासारखा एकवीस वर्षांचा घोडा, आईच्या "निकेश बाबू, जेवून घे"वर ताटावर येऊन बसत होता.

आता त्याची बायको येणार. शिकलेली, एटापल्लीच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसणारी. ती तेच नाव घेणार, आणि सासू मागून तेच नाव तोंडभरून म्हणणार. निशाच्या वाट्याला आलेलं नाव आधार कार्डावर होतं. घरात नव्हतं.

सासू, भागीरथा, तांदळाचं माप भरून घेऊन आली आणि उंबरठ्यावर ठेवलं. निशा तिच्याकडे न बघता म्हणाली,

"सासूबाई, एक विचारू काय?"

"विचार ना."

"आपल्यात सून भासऱ्याचं नाव घेते काय?"

नवऱ्याचा थोरला भाऊ तो भासरा. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव मरेपर्यंत तोंडी आणायचं नाही. भागीरथेनं स्वतः चाळीस वर्षं आपल्या भासऱ्याचं नाव पाळलं होतं. त्याचं नाव पोचू होतं म्हणून ती पोचम्मा देवीलाही 'ती गावाबाहेरची माय' म्हणायची.

"कायले विचारून राह्यली?"

"निकेश तिच्या भासऱ्याचं नाव होय. मंग ती नवऱ्याचं म्हून ते कशी घेईन? तोंड विटाळन ना तिचं."

"तुह्या नवऱ्याचं नाव उकंडा हाय. मी ठेवलं."

"आधार आणून दाखवू?"

"मले वाचता येत नाई वं."

"म्हूनच तं झालं हे सगळं," निशा म्हणाली आणि सांडलेली हळद बोटानं गोळा करू लागली.

 भागीरथा घरातून आरपार चालत परसात गेली.

थोरला तिथं होता. वरातीच्या पुढं मोटरसायकलवर आला होता आणि टाक्यावर तोंड धूत होता. पस्तिशीचा गडी, कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. आई मागं उभी आहे हे त्याला कळलं, पण तो तोंडावर पाणी मारत राहिला. ती काय म्हणून हाक मारणार ते त्याला ठाऊक होतं.

"उकंडा."

"हं."

"बाबू, ते पत्रिकेचं झालं ते झालं. आज दारात आडवा येऊ नोको."

"मी कुठी आडवा आलो? गावची रीत सांगून राह्यलो. भासऱ्याचं नाव बाई घेत नाई. ती शिकलेली हाय, तिनं रीत मोडली तं लोक मलेच हसतीन. म्हनतीन, फॉरेस्टवाल्याच्या घरी भावजय त्याचंच नाव घेऊन घरात शिरली."

"तुले ठावं हाय, ते नाव त्याचं होय."

थोरल्यानं तांब्या टाक्यात टाकला.

"सव्वीस हजार झाडाईवर नंबर टाकले मी त्या नावानं सही करून. वणवा लागला तेव्हा पाय भाजला, दवाखान्यातल्या खाटेवर ते नाव होतं. माह्या पोरीच्या दाखल्यावर बापाचं नाव तेच. त्यानं काय केलं त्या नावाचं? तुह्या तोंडून आयकलं, बस."

तेवढंच तर होतं. आणि तेवढंच थोरल्याला कधी मिळालं नव्हतं.

त्याला ते दिवस स्वच्छ आठवत. गुरुजी पहिलीचा पट भरायला घरोघर फिरत होते. बाप नदीवर डोंग्यात, माय दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला. तो सहा वर्षांचा, ओसरीवर बसून झोळीतल्या भावाला झोके देत होता. झोळीतल्याचं नाव बापानं मार्कंड्याच्या जत्रेतून आणलं होतं, एका फोटोवाल्याच्या पाटीवरून. निकेश फोटो स्टुडिओ. लोक जत्रेतून बत्तासे आणतात, गुणवंतरावानं नाव आणलं. माय ते दिवसभर चघळत होती. निकेश असा हसला, निकेश तसा रडला. थोरल्याला हाक मारताना मात्र तिचा आवाज खाली जायचा, तोंड आंबट व्हायचं, खरकटं पाणी फेकावं तशी ती हाक अंगणात यायची.

गुरुजींनी विचारलं, "तुझं नाव काय रे?"

त्यानं झोळीकडे पाहिलं आणि सांगितलं, "निकेश."

सहा वर्षांच्या पोरानं चोरी केली असं ज्यांना म्हणायचं त्यांनी म्हणावं. त्यांच्या आयांनी त्यांना उकिरडा म्हणून जेवायला बोलावलं नव्हतं.

"मले एक सांग," थोरला आईला म्हणाला. "मी काय असं केलं होतं? जन्मल्याबरोबर?"

"तू काई नाई केलं. तुह्या आंधी दोन गेले. एकाचं नाव मोहन ठेवलं होतं. एकाचं दिलीप. चांगले नाव ठेवले, अन दोघंई गेले. एक दीड महिन्याचा, एक वर्षाचा होऊन. मरण आयकते बाबू. गोड हाक मारली की त्याले घर सापडते. म्हून तुले घाण म्हटलं मी. तू जगावा म्हून म्हटलं."

"अन त्याले?"

"त्याच्या वक्ती... तू पाच वर्षाचा झाला होता. माह्यं भेव गेलं होतं."

"मंग माह्या वक्ती काऊन नाई गेलं?"

  भागीरथेला सांगायचं होतं की भेव गेलं ते तुझ्यामुळंच गेलं, तू जगलास म्हणून गेलं. पण ती शब्दांची बाई नव्हती. तिनं आयुष्यात एकदाच सरकारी टेबलासमोर उभं राहून उत्तर दिलं होतं आणि त्या उत्तराचं काय झालं ते अजून निस्तरत होती.

धाकट्याला पहिलीत घालायला ती शाळेत गेली होती. गुरुजी म्हणाले, "निकेश गुणवंत तर आमच्याकडे आहे, सहावीत. एका बापाचे दोन निकेश कसे होतील, बाई? तुमच्या दुसऱ्या पोराचं नाव काय?" तिला वाटलं, गुरुजी घरातली माणसं विचारतात. एक निकेश, दुसरा उकंडा. तिनं खरं तेच सांगितलं. "उकंडा जी." गुरुजींनी लिहिलं. ती घरी आली ती खुशीत, की पोरगं शाळेत लागलं. चार दिवसांनी पोरगं रडत आलं, पोट्टे त्याला उकिरडा म्हणतात म्हणून. गुणवंतराव म्हणाला, आता कोर्टकचेरी करत नावासाठी गडचिरोलीला कोण जाईल, घरी आपण निकेशच म्हणू ना. आणि म्हणत राहिले. त्या दिवसापासून या घरात एकाकडे नावाचा कागद होता, एकाकडे नावाची हाक. दोघंही दुसऱ्याच्या हातातलं बघत वाढले.

"त्या घाण नावानंच जगवलं ना तुले," भागीरथा कशीबशी म्हणाली. "तू जगला. आता ते दुसरं त्याले देऊन टाक."

"तू एकदा तरी मले त्या नावानं हाक मारली काय? पस्तीस वर्षांत? एकदा?"

 भागीरथेच्या जिभेवर नाव आलं आणि तिथंच थिजलं. तिला दीड महिन्याचा मोहन दिसला, निळा पडलेला.

"पाह्य," थोरला म्हणाला. "मरण गेलं खड्ड्यात. तुले द्यायचंच नाई." आणि तो तिला ओलांडून घरात गेला.

*

पिकअप मार्कंड्याच्या फाट्यावर वळली तेव्हा नवरीनं, रीतानं, डोक्यावरचा शेला सारखा केला. मागं पोरं नाचून नाचून दमून एकमेकांवर कलंडली होती. पुढं ड्रायव्हरशेजारी ती आणि धाकटा.

"तुमी बोलून नाई राह्यले," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"भेव वाटून राह्यलं काय?"

"तुले नाई वाटत?"

रीता हसली. त्याची आणि तिची पहिली भेटच या नावावरून झाली होती. बाजाराच्या दिवशी तो मासोळ्या घेऊन मोटरसायकलवर एटापल्लीला यायचा. एक दिवस मासोळीचा वास घेऊन सेवा केंद्रात आला आणि आधार कार्ड तिच्यासमोर टाकलं. "हे माह्यं नाव नोय. दुरुस्त करा." ती म्हणाली, "एक जुना कागद आणा, त्यावर खरं नाव पाह्यजे." तो म्हणाला, "लय कागद हाय. दाखला हाय, सनद हाय, गुणपत्रिका हाय. पण ते सगळे दादाचे झाले." ती आधी हसली होती. मग त्याचा चेहरा पाहून तिनं हसणं थांबवलं. पुढच्या बाजारी तो पुन्हा आला, या वेळी वास नव्हता.

"ऐका," ती आता म्हणाली. "तुमाले नाव कायले पाह्यजे तेवढं मले सांगा. नोकरी लागत नाई त्यानं. शेत मिळत नाई."

धाकटा रस्त्याकडे बघत बोलू लागला.

"दादा रोज सकाळी ड्युटीवर जाते. छातीवर पितळी पट्टी असते त्याच्या. मी जाळं घेऊन निघतो, तो समोरून येते. माह्यं नाव दुसऱ्याच्या छातीवर बसून जंगलात चाललं, असं दिसते मले. रोज. एक वेळा, चार लोकांत, कोणी ते नाव माह्याकडे बोट दाखवून घ्यावं. मायनं घरात घेतलं ते घरातच राह्यलं. गावानं आयकावं. बस, मंग मी कोणाले काई मांगत नाई."

"मी घेईन," रीता म्हणाली.

"भासऱ्याचं नाव म्हून अडवतीन तुले. दादानं सगळ्याईले सांगून ठेवलं."

"ते मी पाह्यतो."

तिनं बायकांसारखं 'पाहते' न म्हणता गड्यासारखं 'पाह्यतो' म्हटलं, आणि ड्रायव्हर गालात हसला.

*

डीजे थांबला. मांडव उठून दाराकडे लोटला. पायल, दोघांची लहान बहीण, चपलांसकट उंबरठ्यावर चढली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"नाव घ्या, मंग घरात!"

"आंधी नवरदेवानं घ्यावं!"

धाकट्यानं घाईघाईत रीताचं नाव घेतलं, दोन ओळी विसरला, लोक हसले. ते कोणाला ऐकायचं नव्हतं. सगळे नवरीकडे बघत होते. निशा ताट धरून उभी होती, दिवा वाऱ्यानं आडवा होत होता. गुणवंतराव खाटेवर बसून, काही झालंच नाही असा, तंबाखू मळत होता.

"घे वं वहिनी," पायल म्हणाली. "लाजू नोको."

रीतानं तोंड उघडलं आणि थोरला पुढं आला. आवाज चढवला नाही त्यानं. सरकारी माणूस बोलतो तसा बोलला.

"पायल, थांब. सूनबाई, तू नवीन हाय, म्हून सांगतो. आपल्यात भासऱ्याचं नाव सून घेत नाई. नवऱ्याचं घे, पत्रिकेत छापलं ते. कागदावर हाय ते."

मांडवात कोणीतरी शिट्टी वाजवली. धाकटा एक पाऊल पुढं सरला, रीतानं त्याच्या शेल्याची गाठ ओढून त्याला जागेवर ठेवलं.

"दादा, तू..."

"तू चूप राय. मी तिच्यासंग बोलून राह्यलो."

"बरोबर हाय भाऊजीचं," रीता म्हणाली.  "आमच्या गावातई भासऱ्याचं नाव घेत नाई. माह्या मायनं जन्मभर नाई घेतलं, मीई नाई घेणार. म्हून विचारतो. भाऊजी, तुमी तुमच्या तोंडानं तुमचं नाव सांगा. एकच सांगा. जे सांगान, ते मी मरेपर्यंत तोंडावर आणणार नाई. दुसरं जे राहीन, ते नवऱ्याचं."

कोणी हसलं नाही. एक म्हातारी "अव्वो बापा" म्हणाली आणि तिनं तोंडावर हात धरला.

थोरल्याला वाटलं होतं, पोरगी रडेल, किंवा भांडेल. सरळ विचारेल असं वाटलं नव्हतं. उत्तर तर सोपं होतं. नऊ वर्षं पगाराच्या पावतीवर छापून येत होतं. फक्त तोंड उघडायचं आणि ते म्हणायचं, आणि ती पोरगी आयुष्यभर आपल्या नवऱ्याला उकिरडा म्हणेल.

"सांगा ना," निशा मागून म्हणाली.  "निकेश म्हना. मी घेतलं ना इथीच, या दारात. मले खोटं पाडता काय आता?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग त्याची नजर भागीरथेवर गेली आणि तिथंच राहिली.

भागीरथा दाराच्या आतल्या बाजूला होती, भिंतीला टेकून. तिला दिसत होतं, हा पस्तीस वर्षांचा बाप माणूस आपल्याकडे झोळीकडे बघावं तसा बघतो आहे.  मोहन, तिनं मनात म्हटलं. दिलीप. मग पायलला बाजूला सारून ती उंबरठा ओलांडून बाहेर आली.  

"निकेश."

"काय माय?" धाकटा म्हणाला. सवयीनं.

"तुले नाई."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थोरल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याची हनुवटी धरली, लहान पोराची धरतात तशी.

"निकेश. बाबू. तुले म्हणून राह्यली."

थोरल्याचं तोंड वाकडं झालं. वनरक्षक, गावातला मानाचा गडी, मांडवभर लोकांसमोर त्याचा खालचा ओठ थरथरला. भागीरथेनं चटकन आभाळाकडे पाहिलं, कोणी ऐकलं की काय म्हणून, आणि त्याच्या डोक्यावर पदर धरला.

"आता सांग तिले," ती म्हणाली. "तुह्या मनात येईन ते सांग."

गुणवंतरावाची तंबाखू हातातच राहिली होती.

"उकंडा," थोरला म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सूनबाई, माह्यं नाव उकंडा. कागदाचं कागदावर राहू दे. तू हे घेऊ नोको बस."

निशानं ताट पायलच्या हातात दिलं आणि ती गर्दीतून वाट काढत परसाकडे निघून गेली. तिला कोणी थांबवलं नाही. कोणाला सुचलंच नाही.

रीतानं खांदे सरळ केले. डोक्यावरचा शेला पुढं ओढला, आणि मग मागच्या रांगेतल्या बहिऱ्या माणसालाही जावं अशा आवाजात म्हणाली,

"एटापल्लीचा रस्ता, दोन्हीकून बांबू,
निकेशचं नाव घेते, आता दारात किती थांबू?"

मांडव फुटला. शिट्ट्या, टाळ्या, डीजेवाल्यानं काही न विचारता गाणं लावलं. "निकेश! निकेश!" मासेमारीतली सोबती पोरं ओरडायला लागली. कोणीतरी धाकट्याला कमरेत धरून उचललं, हाती लिहिलेली पत्रिका त्याच्या डोक्यावर फडकावली. पायलनं दार सोडलं. रीता पायाशी ठेवलेल्या मापापाशी जाऊन उभी राहिली आणि तो येण्याची वाट पाहू लागली. शेल्याची गाठ ताणली गेली.

"चला ना," ती म्हणाली. "घेतलं ना नाव? अवो, निकेश."

धाकटा हलला नाही. चोवीस वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती झाली होती, अख्ख्या गावानं ऐकली होती, आणि त्याला त्यातलं काही नीट ऐकू आलं नव्हतं. त्याच्या कानात दोनच शब्द होते. तुले नाई.

मांडवाच्या खांबापाशी भागीरथा थोरल्याचा चेहरा पदरानं पुसत होती. तो खाली वाकून उभा होता, आणि ती आता थांबतच नव्हती. एकदा भेव मोडल्यावर पस्तीस वर्षांचं सगळं तिच्या तोंडून येत होतं. निकेश. माह्या निकेश. रडू नोको निकेश. हळू आवाजात, ज्या आवाजात ती धाकट्याला तापात उठवायची, जेवायला बोलवायची, अगदी त्याच.

धाकट्याला वाटलं, गाठ तोडावी, धावत जावं, आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरावा.